चाकांच्या खुर्चीवरील विजयिनी

खेळांतील विजेत्यांची यादी म्हणजे बहुधा रुक्ष प्रकरण. वर्ष, नांव आणि देश एवढाच तिचा ऐवज. घरांतील क्रीडाप्रेमी मंडळी सोडली तर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. परंतु कांहीं याद्यांत जीं नांवें आहेत त्यांच्याइतकेंच जें नांव नाहीं तेंही बोलकें असतें. विंबल्डन येथील स्त्रियांच्या व्हीलचेअर टेनिसमधील एकेरी विजेत्यांची यादी ही अशांपैकीं एक होय. आणि ह्या महिन्यांत ती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम खेळाविषयीं थोडेंसें. हा खेळ १९७६ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत सुरू झाला. बर्फावर स्कीइंग करतांना अपघात होऊन पाय लुळे पडलेला ब्रॅड पार्क्स नांवाचा तरुण त्याचा प्रवर्तक. मैदान तेंच, जाळें तेंच, चेंडू तोच, गुण मोजण्याची रीतही तीच. महत्त्वाचा फरक इतकाच कीं, चेंडूचे दोन टप्पे पडूं देण्याची मुभा असते, आणि दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो. एवढ्यावरून हा खेळ सोपा असावा असा ग्रह मात्र कोणीं करून घेऊं नये. ज्या हातांत रॅकेट धरावयाची त्याच हातानें चाकही रेटावयाचें असतें. खुर्ची बाजूस सरकत नाहीं, ती वळवावी लागते. म्हणून चेंडू कोठें येणार हें आधींच ताडावें लागतें. शिवाय नियमानें खुर्ची ही खेळाडूच्या शरीराचाच भाग मानली जाते. चालू खेळांत चेंडू तिला लागला कीं गुण गेला!

आतां यादीकडे वळूं. विंबल्डनला स्त्रियांची ही एकेरी स्पर्धा प्रथम २०१६ सालीं झाली व हॉलंडच्या यिस्के ग्रिफिऊन हिनें ती जिंकली. २०१७ आणि २०१८ सालीं हॉलंडचीच डिडे डी ग्रूट विजयी झाली. २०१९ सालीं तिच्याच देशाच्या अनीक फान कूट हिनें अंतिम सामन्यांत तिला हरविलें. २०२० सालीं महामारीमुळें स्पर्धाच झाली नाहीं. त्यानंतर २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार वर्षें पुन्हा डी ग्रूट. आणि २०२५ सालीं चीनच्या वांग झीयिंग हिनें प्रथमच हा मान हॉलंडबाहेर नेला. ह्यांपैकीं डी ग्रूटचें २०२१ हें वर्ष तर अपूर्वच म्हणावें लागेल. त्या एका वर्षांत तिनें ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विंबल्डन व अमेरिका येथील चारही मोठ्या स्पर्धा आणि शिवाय टोकियोच्या पॅरालिंपिकमधील सुवर्णपदक मिळविलें.

परंतु जिच्या नांवावांचून ह्या खेळाचा इतिहास लिहितांच येणार नाहीं, ती एस्थर व्हर्गीर ह्या यादींत कोठेंही नाहीं. हॉलंडमधील वुर्डन गांवीं १९८१ सालीं तिचा जन्म झाला. आठव्या वर्षीं मज्जारज्जूवरील शस्त्रक्रियेनंतर तिचे पाय लुळे पडले. पुढें चाकांच्या खुर्चीवरून ती बास्केटबॉल खेळली, टेनिस खेळली, आणि टेनिसमध्यें तिनें जें केलें त्यास जोड नाहीं. २००३ च्या जानेवारींत एक सामना ती हरली. त्यानंतर २०१३ सालीं निवृत्त होईपर्यंत एकेरीचे ४७० सामने ती ओळीनें जिंकली. सिडनी, अथेन्स, बीजिंग व लंडन ह्या चारही पॅरालिंपिकमध्यें एकेरीचें सुवर्णपदक तिचेंच. मोठ्या स्पर्धांतील तिचीं एकेरी विजेतेपदें एकवीस; त्यांत विंबल्डनचें एकही नाहीं! कारण एवढेंच कीं, ती खेळत होती तोंवर तेथें स्त्रियांची ही एकेरी स्पर्धाच नव्हती.

स्पर्धा कां नव्हती? गवताच्या मैदानावर चाकें जड चालतात, एकटीनें सारें मैदान राखणें तेथें झेपावयाचें नाहीं, असें दीर्घकाळ मानलें जाई. वरवर पाहतां ही काळजी सद्हेतूचीच दिसते. पण त्याच गवतावर २००९ पासून स्त्रियांचे दुहेरी सामने होत होते, आणि व्हर्गीरनें २००९, २०१० व २०११ अशीं तीन वर्षें ते जिंकलेही होते. पुढें २०१६ सालीं एकेरीचा प्रयोग झाला. गवत होतें तेंच होतें. बदलला होता तो पाहणारांचा ग्रह. जें अशक्य म्हणून टाळलें गेलें, तें करून पाहिल्यावर अशक्य ठरलें नाहीं. मात्र तोंवर जिच्याकरितां दार उघडावयाचें ती खेळ संपवून घरीं गेली होती.

हॉलंडसारख्या लहानशा देशांत एवढ्या विजयिनी कशा निपजल्या, असा प्रश्न सहजच मनांत येतो. १९९२ सालीं बार्सेलोना येथें हा खेळ पॅरालिंपिकमध्यें पदकांसह दाखल झाला. तेव्हांपासून टोकियोपर्यंत स्त्रियांच्या एकेरीचें प्रत्येक सुवर्णपदक त्याच देशाच्या मुलींनीं नेलें. डी ग्रूटचा जन्मही व्हर्गीरच्याच वुर्डन गांवचा. जन्मतःच तिचे दोन पाय सारख्या लांबीचे नव्हते. लहानपणींच ती ह्या खेळाकडे वळली. आपल्यासारखीच एक मुलगी जगज्जेती झालेली डोळ्यांसमोर असणें, आणि खेळावयाचें वय सरून जाण्यापूर्वींच हातीं रॅकेट येणें, ह्या दोन गोष्टींचें मोल फार मोठें आहे असें आम्हांस वाटतें.

आतां आपल्या घराकडे पाहूं. एकत्र कुटुंबांत मायेला तोटा नसतो. घरांत एखादी मुलगी अपंग असली तर आजी तिला जवळ घेऊन बसते, काकू हातांत ताट आणून देते, भावंडें तिचीं कामें उरकतात. ह्या मायेची किंमत कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तीच माया पुष्कळदां त्या मुलीच्या वतीनें निर्णय करून मोकळी होते. ‘तिला कशाला दगदग?’, ‘लग्नाला चार माणसें येतील, ती घरींच बरी’, ‘शाळेचा जिना तिला कसा चढवणार?’ हीं वाक्यें कठोर मनांतून येत नाहींत. तीं प्रेमांतूनच येतात. विंबल्डनचें गवतही असेंच काळजीपोटीं आडवें आलें होतें. मुलीला काय झेपतें हें तिला विचारल्यावांचून ठरवावयाचें, आणि मग तिला तें झेपलें नाहीं असें म्हणावयाचें, हा न्याय नव्हे.

येथें कोणी म्हणेल कीं, सगळ्याच मुली कांहीं व्हर्गीर होत नाहींत. खरें आहे, पायांनीं धडधाकट असलेलीं आपलीं मुलें तरी कोठें सगळीं जगज्जेतीं होतात? तरी त्यांना आपण अंगणांत धाडतोंच. तीं पडतात, हरतात, रुसून घरीं येतात आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा जातात. २०१९ चा विंबल्डनचा अंतिम सामना डी ग्रूट हरली. २०२४ सालीं पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्यें जपानच्या युई कामिजीनें तिला अंतिम सामन्यांत नमविलें आणि हॉलंडची ती दीर्घ परंपरा खंडित केली. ह्या पराभवांनीं तिची थोरवी तिळमात्र उणी झाली नाहीं. दयेच्या पांघरुणाखालीं ठेवलेल्या मुलीला जिंकतां तर येत नाहींच, पण हरण्याचा अनुभवही मिळत नाहीं. आणि ज्याला कधीं हरूं दिलें नाहीं त्याला आपण आपल्या बरोबरीचें मानलें असें कसें म्हणावें?

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच. आपल्या घरांत, बिऱ्हाडांत, आळींत अशी मुलगी असेल तर ह्या आठवड्यांत तिला एक प्रश्न विचारावा: ‘तुला काय करून पाहावयाचें आहे?’ उत्तर आलें कीं ‘पण’ हा शब्द जिभेवर येण्यापूर्वीं, उंबरठ्याशीं एक उतरती फळी घालण्यास किती खर्च येईल हें सुताराला विचारून घ्यावें. तो खर्च घरच्या एका समारंभाहून पुष्कळ कमी असतो.