जुनी गाडी, नवा मालक

मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की आमच्या दारात गाडी येतेय. आली. २०१६ ची डस्टर, दीड लिटरचं डिझेल इंजिन, मीटरवर ७८ हजार किलोमीटर. सचिनमध्ये पावसाळ्यात आमच्या सोसायटीबाहेर पाणी साचतं तेव्हा स्कूटरवाले कसे पाय वर करून जातात ते तुम्ही पाहिलं असेल. म्हणून उंच गाडी हवी होती. नवी परवडत नव्हती. शिवाय ही डिझेल डस्टर नवी मिळणारही नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि ती बंद झाली.

मी डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. वीस वर्षं दुसऱ्यांची मशिनं सांभाळतोय. तरी गाडी घरी आली त्या रात्री मीसुद्धा यूट्यूबवर अलॉय व्हील बघत बसलो होतो, हे कबूल करतो.

मुलाची यादी माझ्यापेक्षा मोठी होती. त्याला नोकरी लागून सहा महिने झालेत, साठवलेले २८ हजार होते. त्यातून पुढे स्टीलचा मोठा क्रॅश गार्ड, पांढरे झगझगीत एलईडी दिवे आणि डिकीत स्पीकर. वडिलांची यादी एकाच ओळीची होती : "श्रावणात वणीला ने." ते मूळचे अमळनेरचे, सप्तशृंगी आमची कुलदेवी. वय ७९, गुडघे गेलेले. एसटीतून जाणं आता होत नाही.

रविवार ठरला. त्याआधी फक्त ऑइल बदलून घेऊ म्हणून गाडी उधन्याच्या मेकॅनिककडे नेली. त्याने पहिला प्रश्न विचारला, टायमिंग बेल्ट कधी बदलला? दलालाने "बदललेला आहे" असं सांगितलं होतं. बिल? बिल नव्हतं.

हा बेल्ट म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण पहिली गाडी जुनीच घेणार आहात. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि वरचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांचा ताल जुळवून ठेवतो तो हा दातांचा रबरी पट्टा. काही इंजिनांत त्याच्या जागी साखळी असते, या इंजिनात पट्टा आहे. चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं काम गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं. तुटण्याआधी तो आवाज करेलच असंही नाही. म्हणून पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरायचं. गाडी कमी चालली असली तरी रबर म्हातारं होतच असतं.

मेकॅनिकने वरचं कव्हर उघडून टॉर्च मारला. पट्ट्यावर बारीक भेगा होत्या, कडेला तेलाचा ओलावा. "साहेब, आ बेल्ट बदली नाखो," एवढंच तो म्हणाला. मिलमध्ये असा पट्टा दिसला असता तर मी मशिन त्याच क्षणी बंद केलं असतं. आणि मी वडिलांना यात बसवून सापुताऱ्याच्या घाटात निघालो होतो!

वणी रद्द. वडील काही बोलले नाहीत, दोन दिवस टीव्हीही लावला नाही. ते मला जास्त लागलं.

पट्ट्यासोबत टेन्शनर आणि पाण्याचा पंपही बदलला. पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, उद्या तो गेला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. माझे १७ हजार तिथे गेले. मग कूलंट, डिझेल फिल्टर आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. आमच्या गाडीतलं चहासारखं काळपट झालं होतं.

राहिले टायर. नक्षी चांगली खोल होती, म्हणून मी खूश होतो. मुलाने मोबाइलच्या उजेडात बाजूचे आकडे वाचले : १५१६. म्हणजे २०१६ चा पंधरावा आठवडा. चारही टायर गाडीच्याच वयाचे, बाजूला बारीक चिरा पडलेले. माझ्याकडचे पैसे तोवर संपत आले होते.

क्रॅश गार्डवरून आमचं आधीच वाजलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं, हे मी त्याला दाखवलं होतं. गाडीचा पुढचा भाग धक्का सोसून चेपण्यासाठीच बनवलेला असतो. गार्डमुळे धक्का सरळ चासीला जातो, एअरबॅगचं गणित बिघडू शकतं आणि समोरच्या पायी माणसाचं तर काही खरं नाही. तेव्हा तो "सगळेच लावतात" म्हणून उठून गेला होता. टायरचे आकडे वाचल्यावर मात्र त्याने काही न बोलता त्याचे २८ हजार माझ्या खात्यात टाकले. टायर ३१ हजारांना पडले, वरचे तीन मी घातले. दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून घेतल्या आणि झोत नीट बसवला. एलईडीचा विषय निघालाच नाही.

कागदाचंही सांगून ठेवतो. आरसीवर नाव चढायला वेळ लागतो, पण विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुना फास्टॅगही त्याला बंद करायला लावा.

श्रावणातल्या शेवटच्या रविवारी पहाटे पाचला निघालो. चिखली, वांसदा, वघई. घाटात पाऊस आणि धुकं. गाडी मुलगा चालवत होता. चढताना ज्या गिअरमध्ये होता त्याच गिअरमध्ये उतरत होता, ब्रेकवर पाय ठेवून बसला नाही. वडील पुढच्या सीटवर, मांडीवर नारळाची पिशवी.

"जुनी शे ना रे ही?" त्यांनी विचारलं.

"हो आप्पा. पण टायर माझे आहेत," मुलगा म्हणाला.

स्पीकरचं दिवाळीला बघू.