कोरे पत्र आणि ‘प्रिय ग्राहक’

गोदाकाठच्या पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेल्या या योग्याला मायन्यातच पेच पडला: वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’? पेच सुटेना म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला, अशी आख्यायिका आहे. उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. ‘चांगदेव पासष्टी’ ती हीच.

हे पत्र ज्ञानदेवांनी मागवलेले नव्हते. आगंतुक जाहिरात-मेलविरुद्ध कायदा हवा असे म्हणणाऱ्यांनी (मी त्यांतलाच एक) हे आधी ध्यानात घ्यावे. न मागता आलेले पत्र हा गुन्हा मानला, तर वाचकाने लेखकाला आणि विद्यार्थ्याने दूरच्या समीक्षकाला लिहायचेच नाही काय? वाङ्मयव्यवहार त्यावरच जगतो. माझा आक्षेप ‘प्रिय ग्राहक’ या मायन्याला आहे. समोर कोण आहे, हा चांगदेवांना छळणारा प्रश्न तिथे कुणाला पडतच नाही.

आपल्या कायद्याने हा विवेक केला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६ अ, त्रास वा गैरसोय करण्याच्या हेतूने पाठवलेल्या ई-मेलसाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगत होते. पण जाहिरातदाराचा हेतू त्रास देण्याचा कधीच नसतो, विकण्याचा असतो! तो निसटला, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणी मात्र फेसबुकवरील मतप्रदर्शनापायी याच कलमात अडकल्या. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, हे उत्तमच झाले. पुढे काय? दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यापारी फोन आणि एसएमएस यांना आवरतात. ई-मेल त्यांच्या कक्षेबाहेर. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीची भाषा बोलतो खरा, परंतु जी माहिती आपण स्वतःच जाहीर केली, तिला तो लागू होत नाही. म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी आपला पत्ता संकेतस्थळावर देणारा प्राध्यापक उघडाच!

‘नको असेल तर पुसून टाका’ असे यावर सांगितले जाते. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने याच वृत्तीला तत्त्वाचा दर्जा दिला: पहिले पत्र बेलाशक पाठवा, नकार कळवण्याचे कष्ट घेणाऱ्याचे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने सर्वसाधारणपणे उलट दंडक घातला: आधी परवानगी, मग जाहिरात. आपण हाच दुसरा मार्ग धरावा, आणि गुन्ह्याची व्याख्याही काटेकोर ठेवावी. पत्र घाऊक असले पाहिजे, व्यापारी असले पाहिजे आणि संमतीविना आलेले असले पाहिजे. तिन्ही अटी एकत्र असतील तरच कायद्याने हात घालावा, आणि दंड पैशाचा असावा, तुरुंगाचा नव्हे. कुणाला कशाचा त्रास झाला, या मोजमापाच्या वाटेला पुन्हा जाऊ नये.

मायना सुचेना तेव्हा चांगदेवांनी कागद कोरा ठेवला. ज्यांना आपला मायना ठाऊक नाही, त्यांनी लिहिण्यापूर्वी निदान विचारावे, इतकेच मागणे आहे.