सार्वकालिक जीवनाचे वचन आणि नवदीक्षित बौद्ध

मनुष्य मरतो, मागे उरलेले रडतात आणि "तो गेला कोठे?" हा प्रश्न त्या रडण्यातूनच जन्मास येतो. जगातील बहुतेक धर्मांनी या प्रश्नाला काही ना काही उत्तर दिलेले आहे. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्या कुटुंबांपुढे तर हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. बावीस प्रतिज्ञा घेताना त्यांनी श्राद्धपक्ष व पिंडदान यांचा त्याग केलेला असतो. पिंडाला कावळा शिवला की नाही, पितर तृप्त झाले की नाही, ही चिंता संपली हे उत्तमच झाले. परंतु त्या चिंतेच्या पोटात एक समाधानही दडलेले होते. आपल्या गेलेल्या माणसासाठी आपण अजून काही करू शकतो हे ते समाधान. प्रथा गेली तेव्हा तेही गेले, आणि ती जागा आपण अद्याप पुरती भरलेली नाही. म्हणूनच त्या रिकाम्या जागी दुसरे कोणते वचन येऊन बसते याचा विचार करणे प्राप्त आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांस असे एक वचन फार जवळून ऐकू येते. ते म्हणजे ख्रिस्ती धर्मातील सार्वकालिक जीवनाचे. या जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनचे कार्य जुने आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळ येथेच सुरू झाली व १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत येथेच होती. उमरीच्या ख्रिस्ती रुग्णालयात उपचार घेतलेली माणसे आपल्या वस्त्यांतही आहेत. तेव्हा मरण झालेल्या घरी ख्रिस्ती शेजारी येतो, जमिनीवर बसतो, प्रार्थना करतो आणि सांगतो की येशूवर श्रद्धा ठेवली तर मरण हा शेवट उरत नाही, गेलेली माणसे पुन्हा भेटतील, यात नवल काही नाही. घरातील वडीलधारी बाई ते ऐकून थोडी शांत होते. तिचा मुलगा मात्र अस्वस्थ होतो. त्याने काय करावे? शेजाऱ्याची थट्टा करावी? त्याला दार दाखवावे? की, आजकाल काहीजण सुचवतात त्याप्रमाणे, पोलिसांत जावे?

आमच्या मते यांपैकी एकही मार्ग बुद्धाच्या अनुयायास शोभणारा नाही. प्रथम ते वचन काय आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. ज्याचे म्हणणे खोडून काढावयाचे त्याचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडावे, हा न्यायालयाचा जसा शिरस्ता तसा तो विचाराचाही आहे.

ख्रिस्ती माणसाचा स्वर्ग म्हणजे इंद्राची सभा नव्हे. यज्ञ करून किंवा ब्राह्मणास दान देऊन तो विकत मिळत नाही. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे मनुष्य पापात पडलेला आहे, स्वतःच्या बळावर तो वर येऊ शकत नाही, आणि येशूच्या बलिदानामुळे देव त्याला जे तारण देतो ते केवळ कृपेचे दान असते. या धर्माच्या प्राचीन श्रद्धाकथनांत आत्म्याच्या अमरत्वापेक्षा मृतांच्या पुनरुत्थानाची आशा पुढे ठेवलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर सार्वकालिक जीवन म्हणजे देवाची ओळख होणे, आणि ते या देही, या जन्मीच सुरू होते, असाही आशय आहे. हा विचार क्षुद्र नाही. ज्याला गावाने माणूस मानले नाही त्याला "देवाने तुला नावाने ओळखले आहे" असे कोणी सांगावे, ही गोष्ट लहान नव्हे.

इतके मान्य करूनही बौद्धाला हे वचन स्वीकारता येत नाही. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण पुराव्याचे. दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्तात नेमका हाच प्रश्न आला आहे. मरणानंतर आत्मा संपूर्ण सुखी होतो असे म्हणणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांना भगवान विचारतात की असा संपूर्ण सुखाचा लोक आपण पाहिला आहे काय, त्याचा एका दिवसाचा तरी अनुभव आपणास आहे काय. उत्तर नकारार्थी येते. तेव्हा भगवान दृष्टांत देतात. एक मनुष्य म्हणतो की या देशातील सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे. परंतु तिचे नाव, कुळ, वर्ण, गाव यांतले काहीच त्याला सांगता येत नाही. अशा प्रेमाला काय म्हणावे? यावर कोणी म्हणेल की पाली ग्रंथांतही देवलोकांची वर्णने आहेत. होय, आहेत. पण तेथेही देवांचे आयुष्य संपते. चिरंतन असे तेथे काही नाही. अनित्यतेचा नियम स्वर्गाच्या वेशीवर थांबत नाही.

दुसरे कारण सामाजिक आहे, आणि ते बाबासाहेबांनी मांडले आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचे लेख महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखाने यांचे मोल ते नाकारीत नाहीत. त्यांचा आक्षेप असा की, तुझी अधोगती ज्या समाजव्यवस्थेने व धर्मव्यवस्थेने केली तिच्यावर आघात कर असे सांगण्याऐवजी, तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली असे धर्मांतरितास शिकविले गेले. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पापी ठरवून मग त्याला क्षमा करावयाची, हा न्याय उलटा आहे. शिवाय जात मागे राहिलीच नाही. ती चर्चच्या बाकांपर्यंत सोबत गेली.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नमूद करावयास हवी. स्वर्गाच्या आशेने सर्वत्र माणसाला लाचारच केले असे इतिहास सांगत नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारून दुष्काळात टाकलेल्या मुलींना आसरा दिला. अमेरिकेतील काळ्या लोकांनी गुलामीत स्वर्गाची आशा उराशी धरली, आणि त्याच चर्चमधून मार्टिन ल्यूथर किंग उभे राहिले. तेव्हा आशा माणसाला निजवते की उठवते, हे ती आशा धरून तो माणूस उद्या सकाळी काय करतो यावरून ठरते. हीच कसोटी आपणासही लागू आहे.

ती लावून पाहू. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले व यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्याच वर्षी राज्य शासनाने मृताच्या वारसांस एक लाख रुपयांच्या मदतीचे निकष ठरविले. जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे हवे, मरणाचे कारण तेच कर्ज हवे. जिल्हा समिती प्रकरण तपासते आणि कागदावर "पात्र" किंवा "अपात्र" असा शब्द पडतो. मक्त्याने जमीन करणारा अपात्र. हातउसने घेतलेला अपात्र. मरणानंतरही माणसाचा निवाडा होतो तो हा, आणि तो या पृथ्वीवरच होतो.

त्या विधवेला ख्रिस्ती शेजारी सांगतो की तुझा धनी देवाजवळ आहे. आपण तिला काय सांगतो? आपण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतो. बुद्धवंदना होते, मान्यवरांची भाषणे होतात, जेवण होते. दुसऱ्या दिवशी मंडप उठतो आणि ती बाई एकटी उरते. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे तिच्यासोबत कोण जाणार? वकिली करताना अशा कितीतरी स्त्रिया पाहावयास मिळतात, ज्यांना आपला हक्क काय हेच कोणी सांगितलेले नसते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत त्याची विधवा, मुलगे, मुली व आई यांना सारखा हिस्सा मिळतो. दीर तो "देत" नसतो. तो तिचाच असतो. सातबारावर फेरफार करून घेणे, मदतीचा अर्ज, अपात्रतेचा लेखी आदेश मागणे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, ही कामे वंदनेइतकीच धम्माची आहेत असे आमचे मत आहे.

किसा गोतमीची कथा आपण सांगतो, पण तिचा अर्थ अर्धाच घेतो. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला भगवंतांनी स्वर्गाचे वचन दिले नाही, आणि "सर्व अनित्य आहे" असे व्याख्यानही दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास तिला श्रावस्तीच्या दारोदार पाठविले. प्रत्येक दारी तिला दुसरे दुःखी माणूस भेटले. तिचे दुःख हलके झाले ते त्या सोबतीने. ती दारे आपण बंद ठेवली आणि शेजाऱ्याने त्याचे दार उघडले, तर दोष शेजाऱ्याचा कसा?

आता पोलिसांत जाण्याच्या सल्ल्याविषयी. स्वर्गाची गोष्ट सांगणे हा गुन्हा ठरावा काय, हा प्रश्न आपल्या कायद्यात जुना आहे. १९६७ चा ओरिसाचा व १९६८ चा मध्य प्रदेशचा कायदा यांत "बळजबरी" या शब्दाच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकीही धरलेली होती. ओरिसा उच्च न्यायालयाने तेथील कायदा रद्द केला, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आपल्याकडील कायदा ग्राह्य धरला, आणि १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे वैध ठरविले. धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा अनुच्छेद २५ चा अर्थ तेव्हा लावला गेला. पुढील कायदे याहून पुढे गेले. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात "प्रलोभन" या शब्दात चांगल्या राहणीमानाचाही समावेश आहे. गुजरातच्या २०२१ च्या दुरुस्तीत त्यासोबत दैवी आशीर्वादही आहे.

हे वाचून ज्यांना समाधान वाटते त्यांनी क्षणभर थांबावे. दैवी आशीर्वादाचे वचन आपण देत नाही हे खरे. पण चांगल्या जीवनाचे वचन? ते तर आपल्या धर्मांतराचे मूळच आहे. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराचा विचार मांडला तो माणुसकी, समता आणि ऐहिक उन्नती यांच्या आधाराने. त्या शब्दांना ही व्याख्या लावली तर ते भाषणही प्रलोभन ठरेल! ख्रिस्ती माणसाचा स्वर्ग आकाशात आहे, त्याची झडती कोणी घेऊ शकत नाही. आपला मुक्तीचा मार्ग या भूमीवरचा असल्यामुळे अशा कायद्याच्या हाती तो अधिक सहज सापडतो. ही शंका काल्पनिक नाही. ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरातच्या गृह विभागाने परिपत्रक काढून बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म मानावयाचा आणि हिंदू धर्मातून त्यात येण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक, असे स्पष्ट केले. शेजाऱ्याच्या प्रार्थनेवर जो दंडुका उगारला जाईल तोच दंडुका उद्या आपल्या दीक्षा समारंभाच्या दारात उभा राहील.

आणखी एक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शिखांना व १९९० साली बौद्धांना मिळाला. म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर ३४ वर्षे आपले लोक केंद्राच्या सवलतींबाहेर होते. ख्रिस्ती दलित त्या आदेशाबाहेरच राहिले. त्या वर्गातील सूसाई नावाच्या एका चर्मकाराची याचिका १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. धर्म बदलला म्हणून गावाच्या नजरेतील जात बदलत नाही, हे ३४ वर्षे सांगणाऱ्यांनी आज शेजाऱ्याच्या बाबतीत मौन धरावे काय?

तेव्हा नवदीक्षित बंधुभगिनींनी हे धोरण ठेवावे. शेजारी सांत्वनाला आला तर त्याला सन्मानाने बसवावे. त्याचे वचन आपणास पटत नसेल तर तसे नम्रपणे व निर्भयपणे सांगावे. कालाम लोकांना भगवंतांनी दिलेला दिलासा त्या वेळी स्मरावा. परलोक असेल तर वैररहित, निर्मळ चित्ताच्या माणसाचे तेथे भलेच होईल; आणि नसेल तरी तो येथेच, या जन्मीच, निर्वैर व सुखी जगतो. यात बौद्धाचे काहीच बुडत नाही. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. मार्ग आपल्यालाच चालावयाचा आहे.

आणि जेथे मरण झाले असेल त्या घरी पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशीही जावे. आठव्या दिवशी जावे, महिन्याने जावे. वस्तीतील दोन शिकलेल्या तरुणांनी, त्यांत एक मुलगी असावी, त्या घराची कागदपत्रे पाहण्याचे काम अंगावर घ्यावे. गेलेला माणूस पुन्हा भेटेल असे वचन आपण देऊ शकत नाही. त्याच्या लेकरांची शाळा सुटणार नाही आणि त्याच्या बायकोच्या हिश्श्याची जमीन कोणी गिळणार नाही, असे वचन देणे आपल्या हाती आहे. ते द्यावे आणि पाळावे.

जय भीम.