हिरवळीची किंमत

पर्जन्यकाळ सुरू झाला, की शहरांतील उद्याने, रस्त्यांचे दुभाजक आणि सरकारी वसाहतींची आवारे गवताने भरून जातात, आणि ते हटविण्याकरिता खांद्याला पेट्रोलवर चालणारे ग्रासकटर अडकविलेले कंत्राटी कामगार पायांत चपला व तोंडाला रुमाल एवढ्याच सरंजामानिशी कामाला लागतात. पुढे कोणास इजा झाली, म्हणजे दोष त्याच्याच निष्काळजीपणावर लोटणे सर्वांनाच सोयीचे असते.

वस्तुतः या यंत्राचे भय केवळ त्याच्या पात्यात नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते गवतात दडलेल्या खड्यास लागले, की तो गोफणीतून सुटावा तसा सुटतो. म्हणूनच सभोवार 15 मीटरपर्यंत अन्य कोणी असू नये, असे उत्पादकांच्या सूचनापत्रांत बजावलेले असते. दुभाजकावर हे अंतर राखावयाचे, तर काही काळ रहदारी अडविली पाहिजे, आणि तो अधिकार कामगाराचा नव्हे. आधी जमीन न्याहाळून दगड, तारा व बाटल्या वेचाव्यात, हे खरे. परंतु देयक चौरस मीटरच्या दराने निघत असेल, तर त्यात गेलेला वेळ कंत्राटदाराच्या लेखी निव्वळ तोटाच ठरतो. संरक्षक चष्मा दिलाच, तर दमट हवेत त्यावर वाफ धरते, म्हणून कामगार तो कपाळावर सारतो. हा त्याचा हट्ट नसून साहित्य निवडणाऱ्याचा दोष होय. 85 डेसिबलहून मोठा आवाज दीर्घकाळ कानी पडल्यास श्रवणशक्ती क्षीण होते, आणि मुठीतून हाती उतरणाऱ्या कंपनाने बोटे बधिर होतात. यावर कर्णरक्षक आणि पाळीपाळीने काम, हेच उपाय आहेत.

कंत्राटदाराच्या कामगारास झालेल्या इजेचे उत्तरदायित्व ज्याचे काम त्याच्यावरही येते, हे तत्त्व 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानेच मान्य केले होते, आणि स्थानिक संस्थांनाही त्यातून वगळले नव्हते. तेव्हा संरक्षक साहित्य, जमिनीची पाहणी व विश्रांती यांची रक्कम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून धरावी, तीवर कपातीची स्पर्धा होऊ देऊ नये, आणि धोका दिसताच काम थांबविण्याचा लेखी अधिकार मुकादमास द्यावा. याने खर्च वाढेल, हा आक्षेप फसवा आहे. तो खर्च आजही होतच आहे, फक्त तो कामगाराच्या शरीरातून वसूल होतो. ज्या निविदेत ही तरतूद नाही, ती मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यास अपघाताच्या चौकशीत कामगाराच्या आधी जबाब द्यावा लागला पाहिजे.