राक्षसाचें काय करावें?

गेल्या दिवाळीच्या सुटींत पिशोर (ता. कन्नड) येथें एका स्नेह्यांकडे जाण्याचा आम्हांस योग आला. त्यांचा नातू चार मित्रांसह पुण्याहून आला होता आणि माडीवर त्यांचा एक खेळ तीन दिवस रंगला होता. एकानें कथा रचावयाची, बाकीच्यांनीं तींतील वीर व्हावयाचें, आणि पराक्रमाचा निकाल वीस पैलूंच्या फाशानें लावावयाचा! गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचाच हा प्रकार. त्यांत राक्षसराजांची मोठी उतरंड असते. रोमन लोकांचा मृत्युलोकींचा देव ऑर्कस हाही तेथें राक्षस होऊन बसला आहे!

नातवानें रचलेला राक्षस अगदीं दुय्यम, एका गडापुरताच राजा. तिसऱ्या सायंकाळीं तो हरला व शरण आला. तिघे म्हणाले, मुंडकें उडवा. चौथा म्हणाला, शरणागतास मारणें मला जमणार नाहीं. शब्दानें शब्द वाढला आणि जेवणाच्या पंगतींत मुलें एकमेकांशीं बोलेनात. नातवाची आई त्रासून म्हणाली, "राक्षसांचीं नांवें घरांत नकोतच. बंद करा तो खेळ!"

आजीबाई वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "मग मल्हारी म्हणणेंही सोडायचें कीं काय? त्यांत मल्ल आहेच ना!"

मुलें चकित झालीं. घराचें कुलदैवत खंडोबा. परंतु मल्हारी म्हणजे मल्लाचा अरि, हें नातवास ठाऊक नव्हतें. आजीबाईंनीं कथा सांगितली. मणि व मल्ल हे दैत्यबंधु ऋषींस छळीत. मार्तंडभैरवानें मणीस पाडलें, तेव्हां त्यानें आपला शुभ्र अश्व देवास अर्पिला आणि देवाच्या सन्निध जागा मागितली. ती त्यास मिळाली. मल्लानें मरतांनाही जगाचा नाश मागितला. त्याचें शिर पायरीखालीं गेलें. जेजुरीस मणीची पूजा होते, आणि मल्लाच्या शिरावर पाय देऊन भक्त वर चढतो.

दोघांचा अपराध एकच होता. भेद पडला तो हरल्यानंतर काय मागितलें यांत. मणीनें अर्पिलेला अश्व व मागितलेली जागा या दोन गोष्टींत त्याचें सारें पालटलेलें मन दिसतें. वेरुळाच्या कैलासाखालीं शिल्पकारानें रावणास दिलेलें स्थान पाहिलें कीं हाच विचार मनांत येतो. आपल्या पूर्वजांनीं शत्रूस कथेंतून हांकलून लाविलें नाहीं. त्याची योग्यता पाहून त्याची जागा ठरविली.

आम्हांस खेद वाटला तो खेळाचा नव्हे. मार्गशीर्षाचा षड्रात्रोत्सव, चंपाषष्ठीचा भरीत-रोडग्याचा नैवेद्य आपण शहरांतील सदनिकेंतही पाळतों. देव्हाऱ्यांतला टाक बरोबर नेतों. कथा मात्र गांवींच विसरतों. मग मुलांस राक्षसांसाठीं परदेशीं जावें लागलें तर दोष कोणाचा?

दुसऱ्या दिवशीं खेळ पुन्हां मांडला गेला. नातवानें राक्षसास विचारविलें, "तुला काय हवें?" त्यानें गडाची राखण मागितली. आतां त्या गडांत शिरणारा प्रत्येक वीर आधीं त्या द्वारपाळास नमस्कार करतो. पुण्यास परततांना नातवानें आजीस विचारलें, "चंपाषष्ठी कधीं आहे ग?"