डोके फुकट, हात महाग

आमच्या अहमदपुरात सध्या जो भेटेल तो मला एकच प्रश्न विचारतो. आणि विचारताना असा हसतो, की जणू उत्तर त्याच्या खिशातच आहे. ते खरोखरच त्याच्या खिशात असते. कारण प्रश्न असा : "मोबाईलवर बुद्धिबळ फुकट मिळायलंय, मग तुमची पुतणी वर्षभर ते लाकडाचं खोकं कशाला ठोकायली?"

पुतणी अकरावीत आहे आणि खोके म्हणजे तिने घरी केलेला यंत्रमानव. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, तंगड्या नाहीत. आपण पटावर सोंगटी हलवावी आणि जरा वेळाने त्याची सोंगटी आपली आपण सरकत जावी, एवढेच त्याचे माणूसपण. चहाच्या टपरीवर या प्रश्नाला पुरते उत्तर देता येत नाही. तेथे दुसरे वाक्य ऐकून घेण्याची पद्धत नाही. दिवाळी अंकाचा वाचक मात्र फराळाची बशी पुढ्यात घेऊन बसलेला असतो, तो एकदम उठून जाणार नाही, या भरवशावर मी हे भांडण येथे आणले आहे.

१९९७ साली 'डीप ब्लू' या यंत्राने कास्पारोव्हला हरवले आणि यंत्र जिंकले म्हणून जगभर गवगवा झाला. पण यंत्राच्या बाजूची प्यादी कोण हलवत होते? समोरच्या खुर्चीत एक हाडामासाचा माणूस बसला होता. पडद्यावर खेळी दिसली की तो ती हाताने करी. २०१६ साली 'अल्फागो'ने गोच्या खेळात ली सेडॉलला नमवले, तेव्हाही खडे मांडायला माणूसच होता. याच्या अगदी उलट प्रकार व्हिएन्नाच्या दरबारात १७७० साली झाला होता. फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने तुर्की पोशाखातला एक बाहुला आणला. तो बुद्धिबळ खेळून भल्याभल्यांना हरवी. त्याचा हात यंत्राचा होता, पण डोके पेटीत लपून बसलेल्या माणसाचे! डोके आणि हात दोन्ही यंत्राचे, असा प्रामाणिक प्रकार साधला तो स्पेनच्या तोरेस केवेदोने, १९१२ च्या सुमारास. आणि तोही फक्त राजा व हत्ती विरुद्ध एकटा राजा, एवढ्याच डावापुरता. त्याच्या दुसऱ्या यंत्रात सोंगट्या पटाखालच्या चुंबकाने हलत. आमच्या पुतणीचे खोके त्याच घराण्यातले.

आता खिशातला मोबाईल दाखवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. डोके फुकट मिळते, हे मला मान्य. 'स्टॉकफिश' नावाचा बुद्धिबळाचा प्रोग्राम कोणीही फुकट उतरवून घ्यावा. जगज्जेताही त्याच्यापुढे टिकत नाही. पण तो प्रोग्राम "घोडा एफ तीन" म्हणून मोकळा होतो. घोडा तेथे नेऊन ठेवायचा कोणी?

ही गोष्ट बोलायला सोपी आहे. बाजारात सर्रास मिळणारी स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिच्या कप्पीला २० दाते आणि पट्ट्याच्या दोन दात्यांत २ मिलिमीटर अंतर. म्हणजे एका फेऱ्यात गाडी ४० मिलिमीटर चालते आणि ५० मिलिमीटरचे एक घर ओलांडायला २५० पावले लागतात. हा हिशेब पोरीने पाठ केला नाही, पट्टी धरून काढला. पण मोटारीला आपण कोठे आहोत हे कळत नाही. पट्टा एकदा घसरला, की ती पुढचा सारा डाव शेजारच्या घरात खेळते. म्हणून कोपऱ्यात एक खटका बसवावा लागतो. गाडीने अधूनमधून जाऊन त्याला डोके टेकायचे आणि पुन्हा शून्यापासून मोजायचे. सोंगट्यांच्या बुडाला चुंबक. ते उलटसुलट चिकटवले तर शेजारच्या सोंगट्या एकमेकींना मिठी मारतात. एकाच तोंडाने चिकटवले तर ढकलतात. म्हणून घरे ऐसपैस हवीत. आणि घोडा! तो उडी मारतो हे पटावरच्या माणसाला. पटाखालच्या चुंबकाला उडी ठाऊक नाही. त्याला घोडा दोन घरांच्या मधल्या रेषेवरून, चोराच्या पावलांनी, कोणाला धक्का न लावता न्यावा लागतो. मारलेले प्यादे आधी बाहेर काढायचे, मग मारणाऱ्याला आणायचे. घराखालच्या बारक्या स्विचला तर फक्त 'येथे कोणीतरी आहे' एवढेच कळते. राजा की प्यादे, हे यंत्राने पहिल्या खेळीपासून लक्षात ठेवायचे.

लोखंडी हाताऐवजी हा पटाखालचा मार्ग तिने का धरला, तेही सांगतो. २०२२ च्या जुलैत मॉस्कोच्या एका स्पर्धेत बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राच्या हाताने सात वर्षांच्या मुलाचे बोट मोडले. मुलाने घाई केली, असे खुलासे झाले. मुले घाई करणारच! आमच्या घरात लहान मुले आहेत.

आणि आजीही आहे. बुद्धिबळाच्या आधी पुतणीने नवकंकरी केली : २४ ठिकाणे, दोघांच्या नऊ-नऊ कंकऱ्या, म्हणून ६४ ऐवजी २४ स्विचांत काम भागले. दोघांनीही बिनचूक खेळल्यास नवकंकरी बरोबरीत सुटते, हे राल्फ गासरने १९९३ मध्ये गणकयंत्राने सिद्ध केले. आजीला गासर ठाऊक नाही. मोबाईलच्या काचेवर तिचे बोट उमटत नाही, अक्षर दिसत नाही. पण रेघांवरची कंकरी तिला चाचपून कळते. समोरची कंकरी सरकू लागली की ती म्हणते, "आलास का रे भाड्या!" आणि कंबर सावरून बसते. मोबाईलशी ती एकदाही असे बोललेली नाही.

असा पट विकत मिळतो, हा आणखी एक आक्षेप. मिळतो की! मुंबईच्या आतुर मेहता व भव्य गोहिल यांनी 'स्क्वेअर ऑफ' नावाचा आपोआप खेळणारा पट केला आणि २०१६ साली जगभरच्या लोकांकडून वर्गणी घेऊन तो बाजारात आणला. त्याचे मूळ अंध खेळाडूंसाठी पट करावा या विचारात होते. मला त्यांचे कौतुकच आहे. पण त्यांनीही कोठेतरी पहिला पट्टा घसरताना पाहिला असेलच ना? विकत घेणाऱ्याला तो घसरताना दिसत नाही.

माझे खरे भांडण मोबाईलशीही नाही आणि दुकानाशीही नाही. आमचा जिल्हा 'लातूर पॅटर्न'चा. आधी दहावी-बारावीच्या निकालांनी आणि मग डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षांनी तो गाजला. कष्टाळू मुले, कष्टाळू शिक्षक. त्यांना मी नावे ठेवत नाही. पण या गाजण्यात आम्ही एक गोष्ट ठरवून टाकली, की चार पर्यायांतला एक काळा करण्यापलीकडे मुलाच्या हाताला काम नाही. विद्युतचुंबकावरचे गणित मिनिटात सोडवणाऱ्या मुलाला खिळ्याभोवती तार गुंडाळायला सांगा. तार उलट गुंडाळली तर काय होईल, हे तो पुस्तकात शोधू लागेल. आणि गंमत ही, की जे काम आम्ही मुलांकडून घोटून घेतो तेच यंत्राने सर्वांत आधी फुकट करून टाकले!

एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी तिला विचारले, "याचा समाजाला उपयोग काय?" शेजारच्या टेबलावर विकतच्या संचातून जोडलेली गाडी होती, तिच्यावर 'स्वच्छता' असे लिहिले होते, म्हणून तिला उपयोग विचारला गेला नाही. बक्षीसही तिलाच मिळाले. पुतणीने खोके उचलून घरी आणले आणि त्याच संध्याकाळी सैल झालेला पट्टा ताणला.

क्लासचे तास ती बुडवत नाही, हे तिच्या आईच्या समाधानासाठी नमूद करतो. मोडक्या प्रिंटरांतले दांडे भंगारवाल्याने वजनावर दिले. वीज गेली तर बारा व्होल्टची बॅटरी आहे. सध्या अडचण एकच उरली आहे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा वजीर होतो आणि तो सुटा वजीर ठेवायला पटाच्या कडेला जागा नाही. चौरंग चार बोटे रुंद करून द्यायला सुतार तयार आहे. पण लक्ष्मीपूजनाला तोच चौरंग लागतो, म्हणून भाऊबीज उलटेपर्यंत आजी तो देणार नाही.