समृद्धीवरून गाड्या सुसाट. मग मेहकर-सिंदखेडराजाची भाकरी सापडणार कोणाला?

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा | विशेष विश्लेषण

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जोडला आणि नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आपल्या जिल्ह्यात तो घाटावरच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या पट्ट्यातून जातो. कोणाची जमीन गेली, कोणाला किती मोबदला मिळाला, यावर भरपूर लिहून झालंय. जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलांचं काय झालं, यावर मात्र कोणी बोलत नाही.

हॉटेल म्हणजे आपल्याकडे राहायची जागा नव्हे, हे सांगायची गरज नाही. चार बाकडी, एक भट्टी आणि कढईत आलूबोंडा असला की झालं हॉटेल.

नागपूरहून संभाजीनगरकडे जायचं तर कारंजा, मालेगाव, मेहकर, सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा आणि पुढे जालना, असाच रस्ता होता. ट्रक, ट्रॅव्हल्स, लग्नाचं वऱ्हाड, नोकरीवर जाणारा मास्तर, सगळे याच रस्त्याने. फाट्याफाट्यावर चहा-भजे मिळायचे, दुपारी पिठलं-भाकरी, रात्री शेवभाजी. या हॉटेलांना कधी जाहिरात करावी लागली नाही. रस्ताच त्यांची जाहिरात होता. गाडी हळू झाली, खिडकीतून तळणीचा वास आला की माणूस उतरायचा.

समृद्धीवर हे होणारच नाही, कारण तो रस्ताच तसा बांधलाय. दोन्ही बाजूंनी बंदिस्त, दुचाकी-तीनचाकीला मनाई, आणि उतरायचं तर फक्त इंटरचेंजवर. कडेला टपरी टाकायला वाव नाही, गाडी उभी करायला परवानगी नाही. वेगाचा रस्ता आहे, त्यामुळे ते बरोबरच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण सुरुवातीला तर या रस्त्यावर पेट्रोल पंपाशिवाय खायला-प्यायला फारसं काही नव्हतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसचा अपघात होऊन २५ जण गेले, तेव्हा कुठे चालकाची झोप, विश्रांती, थांबे याची चर्चा जोरात सुरू झाली. लांबच्या प्रवासात अर्धा तास उतरून जेवणं ही चैन नसते, हे त्या वेळी सगळ्यांनी मान्य केलं. पण थांबे म्हणजे नेमकं काय, तर महामार्गालगत मोठ्या ठेकेदाराने चालवायची मोठी जागा. मेहकरच्या बसस्टँडसमोर वीस वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा त्यात विचार कुठेच नाही.

गाडी थांबली म्हणून कचोरी गाजली

शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. आकाराने लहान, आतलं सारण तिखट, सोबत तळलेली मिरची. चव चांगली होतीच. पण चांगल्या चवीचे पदार्थ तेव्हाही जिल्ह्यात कमी नव्हते. कचोरीचं नशीब असं की शेगाव मुंबई-हावडा लाईनवर आहे आणि तिथे गाडी थांबते. प्रवाशाने खिडकीतून पुडा घ्यायचा, दोन खायच्या, उरलेल्या घरी न्यायच्या. पुढे गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारी गर्दी वाढत गेली, तिने उरलेलं काम केलं. आज मुंबई-पुण्यात ‘शेगाव कचोरी’ अशी पाटी दिसते, ती या थांब्याची कमाई आहे.

आता घाटावर या. इथे रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची वाट बघण्यात पिढ्या गेल्या. त्यामुळे घाटावरच्या स्वयंपाकाला बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं ते फक्त डांबरी रस्त्याने. पाटवडीचा रस्सा, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा, हे शेगावच्या कचोरीपेक्षा कुठेच कमी नाही. त्याला स्टेशन मिळालं नाही, आणि होता तो रस्ताही आता बाजूला पडला.

लोणारची गोष्ट तर त्याहून वाईट. उल्कापाताने तयार झालेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या विवरातलं हे सरोवर बघायला परदेशातून माणसं येतात. २०२० साली त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. विकासासाठी साडेतीनशे कोटींच्या वरचा आराखडा मंजूर झाला. पण लोणारला येणारा पर्यटक जेवतो कुठे? बरेच जण संभाजीनगरहून सकाळी निघतात, डबा सोबत आणतात, सरोवर बघतात आणि अंधार पडायच्या आत परततात. गावात त्यांचा खर्च पाण्याच्या बाटलीपुरता. या माणसाला लोणारमध्ये चांगली झुणका-भाकर मिळते हे माहीत नसतं, आणि त्याला ते कळावं अशी सोयही कोणी केलेली नाही.

आता थांबा फोनवर आहे

प्रवासी हल्ली खिडकीतून बघत नाही, फोनमध्ये बघतो. समृद्धीवर मेहकरच्या आधी पंधरा-वीस किलोमीटरवर असताना गाडीतलं कोणीतरी नकाशावर ‘जेवण’ किंवा ‘हॉटेल’ टाकतं. ज्याचा फोटो आहे, वेळ दिलेली आहे आणि चार लोकांनी बरं लिहिलंय, ते वर येतं. बाकीचं नसल्यातच जमा. घाटावरच्या कितीतरी हॉटेलांचं नकाशावर नावच नाही. काहींचं आहे, पण चुकीच्या जागी. काहींचं नाव इंग्रजीत असं काही लिहिलंय की मालकालाही ओळखू येऊ नये. मराठीत शोधलं तर ते सापडत नाही.

बरं, फोनवर जे वर दिसतं ते चांगलंच असतं असंही नाही. पाच तारे मालकाच्या मेहुण्यानेही दिलेले असतात. ‘छान आहे’, ‘नंबर एक’, ‘सुपर’ अशी शंभर वाक्यं असली तरी जेवणाबद्दल त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा एखाद्याने ‘पाटवडी चांगली, पण दीडनंतर संपते’ असं लिहिलं असेल तर त्या एका ओळीवर विश्वास ठेवावा. तो माणूस तिथे खरंच जेवलेला असतो.

ट्रॅव्हल्स जिथे थांबते तिथलं जेवण चांगलं, हा जुना समजही आता सोडून द्यावा. चालकाचं जेवण फुकट, वर काही हातावर, म्हणून गाडी तिथे थांबते हे प्रवाशालाही माहीत असतं. जिथे प्रवाशाला दुसरीकडे जायची सोय नाही, तिथे भाजी चांगली करायची गरजच काय? एसटीच्या अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आहे. आता तो किती ठिकाणी न मागता मिळतो, हे वाचकांनी स्वतःच आठवून बघावं.

खरी ओळख पटते ती त्याच गावात रोज जेवणाऱ्या माणसावरून. तहसील आणि कोर्टाच्या मागच्या गल्लीत दुपारी एक वाजता जा. तिथे टायपिस्ट, वकिलाचा कारकून, दस्त करायला आलेले शेतकरी ज्या खानावळीत दाटीने बसलेत, ती बघा. हे लोक रोजचे. एक दिवस वरण आंबट निघालं तर दुसऱ्या दिवशी समोरच्याकडे जातील. बाजाराच्या दिवशी अडते आणि हमाल कुठे जेवतात तेही बघावं. हमालाला पोटभर आणि ताजं लागतं, सजावट लागत नाही.

फळ्यावर तीनच पदार्थ लिहिलेत, तर बसा. शंभर पदार्थांचं प्लास्टिकचं कार्ड हातात दिलं तर समजायचं की एकाच लाल ग्रेव्हीत सगळी नावं बुडवलेली आहेत. आणि भाकरी मागितल्यावर मालक ‘वीस मिनिटं लागतील’ म्हणाला तर चिडू नका. लगेच आलेली भाकरी सकाळची असते. दोन वाजता ‘भाजी संपली’ म्हणणारा माणूस धंद्यात कच्चा वाटतो खरा, पण उरलेली भाजी तो रात्री गरम करून वाढत नाही, एवढं नक्की.

दोष हॉटेलवाल्यांचाही आहे

सगळं खापर महामार्गावर फोडणं सोपं आहे. पण कुटुंब घेऊन निघालेला माणूस मोठ्या फूड प्लाझातच का जातो? चवीसाठी जात नाही. संडास-बाथरूमसाठी जातो. गाडीत आई असते, बायको असते, लहान मुलगी असते. आपल्या किती खानावळींत बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे? बहुतेक ठिकाणी ‘मागे मोकळं आहे’ हेच उत्तर. जेवण कितीही चांगलं असो, ती गाडी दुसऱ्यांदा थांबत नाही. आमच्या मते छोट्या हॉटेलांचं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक या एका कारणाने जातं, आणि त्याचा समृद्धीशी काही संबंध नाही.

दुसरं, दर. गाडीचा नंबर बाहेरचा दिसला की थाळीचा दर वाढतो. देवस्थानाच्या गावात तर हे सर्रास. फळ्यावर दर लिहिला की हा प्रश्न संपतो, पण तोच लिहायचा नसतो. तिसरं, दारू. जेवणाचं हॉटेल म्हणून सुरू होतं आणि संध्याकाळी त्याचा बार होतो. मग बायाबापड्यांनी आत पाऊल टाकायचं कसं?

तरीही त्यांची अडचण खोटी नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर, तेल, भाड्याची जागा आणि रोज न येणारं गिऱ्हाईक, हे सगळं थाळीच्या दरात बसवायचं. एका खानावळवाल्याने दीड-दोन लाख घालून स्वच्छतागृह बांधावं, ही अपेक्षा जड जाते. इथे नगरपालिका आणि ग्रामपंचायतीने पुढे यायला हवं. बसस्टँडलगत एक नीट चालवलेलं, पाणी असलेलं सार्वजनिक स्वच्छतागृह झालं तर आजूबाजूची दहा हॉटेलं उभी राहतील. आणि इंटरचेंजवर मोठ्या अक्षरांत गावाच्या नावाखाली ‘जेवण ४ किलोमीटर’ एवढी पाटी लावायला रस्ते विकास महामंडळाला किती खर्च येतो? लोणारच्या आराखड्यात रस्ते आणि सुशोभीकरण असेल ते असो. त्यात बचत गटाच्या बायांना भाकरी विकायला पाणी-वीज असलेले चार पक्के गाळे मिळणार का, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवं. प्रदर्शनात तीन दिवस स्टॉल दिला म्हणजे बायांना धंदा मिळाला, असं होत नाही.

प्रवाशांचाही एक गैरसमज आहे. मध्येच खाली उतरलं तर टोल दुप्पट बसतो, असं बरेच जण धरून चालतात. समृद्धीवर टोल जितकं अंतर चाललात त्यावर कापला जातो. जेवायला उतरून परत चढलात म्हणून अख्ख्या प्रवासाचा टोल दुसऱ्यांदा लागत नाही. हे एकदा लोकांना कळलं तर इंटरचेंजजवळच्या गावांना बराच फरक पडेल.

घरातल्या पोराला सांगा

नकाशावर हॉटेलचं नाव टाकणं फुकट आहे. मालकाला जमत नसेल तर गिऱ्हाईकही ‘नसलेली जागा जोडा’ म्हणून टाकू शकतं. कॉलेजला जाणाऱ्या पोराचं पंधरा मिनिटांचं काम आहे. नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपीत लिहावं. खूण बरोबर दारावर ठेवावी, नाहीतर गाडी मागच्या गल्लीत जाऊन अडकते. फोटो ताटाचा टाकावा. मालकाचा नेत्यासोबतचा नको. बंदचा वार आणि जेवण संपायची वेळ लिहावी. स्वच्छतागृह असेल तर ते सगळ्यात आधी लिहावं.

‘तुमचं हॉटेल गुगलवर वर आणतो, इतके पैसे भरा’ असे फोन येतात. नाव नोंदवायला गुगल पैसे घेत नाही. फोनवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नका.

वाचकांसाठी : आपल्या तालुक्यात तुम्ही स्वतः जेवलेली, शंभर-दीडशेत पोट भरणारी जागा असेल तर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवा. गावाचं नाव, कुठल्या फाट्यावर, काय चांगलं मिळतं आणि किती वाजेपर्यंत मिळतं, एवढं लिहा. स्वतःच्या किंवा पाहुण्याच्या हॉटेलचं नाव कळवत असाल तर तसं स्पष्ट सांगा. घाटाखालच्या वाचकांनी कचोरी सोडून दुसरं काहीतरी सुचवावं.